जॅकचा दांडा वाकतो तेव्हा
वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत जळगाव, अमळनेर, भुसावळ, शिरपूर आणि धुळे येथून आलेली पाच पत्रे एकाच दुखण्याविषयी आहेत, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. हायड्रॉलिक सिलिंडरला आपल्याकडे वर्कशॉपपासून शेताच्या बांधापर्यंत सगळे जॅकच म्हणतात, आणि पिस्टन रॉडला दांडा. उत्तरांतही मी हेच शब्द ठेवले आहेत. पहिल्या पत्रात आकडे पूर्ण दिलेले असल्यामुळे त्याचे उत्तर लांबले आहे.

प्रश्न : जळगावच्या औद्योगिक वसाहतीत माझे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. पुठ्ठ्याच्या रद्दीच्या गाठी बांधणारे आडवे प्रेस आम्ही तयार करतो. त्यांतील जॅकचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, १०० मिमी, दांडा ४५ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे दांडा बाहेर येण्याचे अंतर, १२०० मिमी आहे. जॅक दोन्ही टोकांना पिनेवर बसवलेला असून पूर्ण उघडल्यावर पिनेपासून पिनेपर्यंतचे अंतर २७५० मिमी होते. पहिले वर्षभर १२० बारवर प्रेस विनातक्रार चालला. गाठ अधिक घट्ट हवी म्हणून ग्राहकाने आग्रह धरला, तेव्हा तेलाच्या दाबाची कमाल मर्यादा ठरवणारा रिलीफ व्हॉल्व्ह १६० बारवर नेला आणि दोन महिन्यांत दांडा वाकला. माल हलक्या प्रतीचा असावा असे वाटून ईएन ८ या साध्या पोलादाऐवजी ईएन २४ या अधिक ताकदीच्या पोलादाचा दांडा घातला. तोही पाच आठवड्यांत वाकला. आता यापेक्षा भारी कोणते पोलाद वापरावे?

उत्तर : पोलाद बदलू नका, पैसे वाया जातील. आपला पहिला दांडा ज्या कारणाने वाकला त्याच कारणाने दुसरा वाकला, आणि त्या कारणाशी पोलादाच्या ताकदीचा जवळजवळ संबंध नाही.

आधी भार पाहू. १०० मिमी बोअरचे क्षेत्रफळ ७८५४ चौरस मिमी भरते. १६० बार म्हणजे दर चौरस मिमीला १६ न्यूटन, तेव्हा दांड्यावर १,२५,६६४ न्यूटन, म्हणजे सुमारे १२.८ टन दाब येतो. हा भार ४५ मिमी दांड्याच्या छेदावर वाटला तर दर चौरस मिमीला ७९ न्यूटन होतात. साधे ईएन ८ देखील २८० न्यूटनच्या आसपास जाईपर्यंत कायमचा आकार बदलत नाही. त्यामुळे ज्याने आपल्याला ‘दांडा भक्कम आहे’ असे सांगून माल दिला तो खोटे बोलला नाही. दांडा चिरडला जाण्याची भीती नव्हतीच. लांब दांडा चिरडण्याच्या कितीतरी आधी बाजूला सरकतो, आणि एकदा सरकू लागला की त्याला थांबवणारे काही उरत नाही. यालाच बकलिंग म्हणतात.

हे हाताने पाहता येते. सायकलच्या चाकाची दोन मिमी जाडीची एक स्पोक घ्या, तिची दोन्ही टोके कापून सुमारे ३०० मिमी सरळ तुकडा ठेवा, स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर एक नाणे ठेवून त्यावर तो उभा धरा आणि वरून दुसऱ्या नाण्याने हळूहळू दाबा. काटा दीड किलो दाखवीपर्यंत स्पोक सरळ असते. पावणेदोन-दोन किलोच्या सुमारास ती एकाएकी मधून कमानीसारखी फुगते, आणि त्यानंतर आपण कितीही जोर केला तरी काटा फारसा पुढे सरकत नाही, फक्त कमान वाढते. हात काढला की स्पोक पुन्हा सरळ होते. म्हणजे पोलाद हरलेले नाही. हीच स्पोक ओढायची म्हटली तर सव्वाशे किलोलाही तुटणार नाही. आता तिचे दोन तुकडे करून अर्धा तुकडा दाबून पाहा: सात किलो ओलांडल्याखेरीज तो फुगत नाही. लांबी निम्मी झाली, ताकद चौपट झाली.

लिओनहार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७४४ मध्ये या वागण्याचे गणित मांडले आणि ते आजही आपण वापरतो. दांडा किती भाराला बाक घेईल हे तीन गोष्टींवर ठरते. पहिली पोलादाचा यंगचा गुणांक, म्हणजे त्याचा लवचिक ताठरपणा. दुसरी व्यासाचा चौथा घात. तिसरी प्रभावी लांबीचा वर्ग, जो भागाकारात येतो. यात पोलादाची ताकद कोठेच येत नाही. यंगचा गुणांक ईएन ८ चा घ्या, ईएन २४ चा घ्या किंवा बांधकामाच्या सळईचा घ्या, दर चौरस मिमीला २,१०,००० न्यूटनच्या आसपासच राहतो. ईएन २४ ला उष्णतासंस्कार दिल्यावर त्याची ताकद ईएन ८ च्या दुपटीवर जाते हे खरे, परंतु ताठरपणा तसूभरही वाढत नाही. म्हणून महाग दांडाही त्याच भाराला वाकला.

आता आपल्या जॅकचे आकडे घालू. पिनेपासून पिनेपर्यंतचे २७५० मिमी अंतर जणू ४५ मिमीच्या दांड्याचेच आहे असे धरले, तर बाक येण्याचा भार ५५,००० न्यूटन, म्हणजे ५.६ टन निघतो. हा हिशेब फार कडक आहे, कारण जवळजवळ निम्म्याहून अधिक लांबी जाड नळीची आहे. नळी अजिबात वाकत नाही असे धरून केवळ बाहेर आलेला १२०० मिमी दांडा लवतो असा उलट टोकाचा हिशेब केला, तर उत्तर सुमारे १,११,००० न्यूटन, म्हणजे ११.४ टन येते. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये, वरच्या टोकाकडे झुकलेला असणार. १२० बारला आपला भार ९.६ टन होता. पहिले वर्ष आपण काठावरून चालत होता, फक्त ते कळत नव्हते. १६० बारला भार १२.८ टन झाला आणि काठ ओलांडला गेला. तो दर वेळी का वाकला नाही, याचे कारण गाठ बहुधा स्ट्रोक संपण्याच्या आधीच घट्ट होत असेल. ज्या दिवशी डब्यात माल कमी पडला आणि दांडा पूर्ण बाहेर येऊन पूर्ण दाब चढला, त्या दिवशी घात झाला. ऑपरेटरला विचारून पाहा. माझा अंदाज आहे की दोन्ही वेळा शेवटची, अर्धवट भरलेली गाठ दाबताना हे घडले असेल.

जॅक बनवणाऱ्या अनेक कारखान्यांच्या तक्त्यांत बकलिंगच्या भाराला साडेतीनने भागून मगच काम दिलेले असते. त्या मापाने आपण दोन्ही पिनांची रचना तशीच ठेवून केवळ दांडा जाड करायचा म्हटला, तर कडक हिशेबाने ७५ मिमीच्या पुढे, म्हणजे व्यवहारात ८० मिमीचा दांडा लागेल. १०० मिमीच्या बोअरमध्ये ८० चा दांडा बसवता येतो, पण परतीसाठी तेलाला फार थोडी जागा उरते. म्हणून केवळ जाडी वाढवण्याच्या मागे लागू नका. जॅक कोठे आणि कसा धरला आहे ते बदला.

दांड्याचे टोक कसे धरले आहे यावर त्याची प्रभावी लांबी ठरते. दोन्ही टोके पिनेवर मोकळी फिरणारी असतील तर ती खऱ्या लांबीइतकीच असते. एक टोक पक्के आणि दुसरे पिनेवर पण बाजूला न सरकणारे असेल तर सात दशांश होते, म्हणजे ताकद दुप्पट होते. एक टोक पक्के आणि दुसरे सर्वस्वी मोकळे असेल तर लांबी दुप्पट धरावी लागते आणि ताकद एकचतुर्थांश उरते. खाली बोल्ट केलेला उभा जॅक आणि त्याच्या डोक्यावर कोणत्याही मार्गदर्शक पट्ट्यांविना ठेवलेले ओझे ही ती सर्वांत वाईट रचना. आपल्या प्रेसमध्ये ढकलणारी पाटी डब्याच्या पट्ट्यांत सरकते, त्यामुळे दांड्याचे पुढचे टोक बाजूला जात नाही. ही जमेची बाजू आहे. दुखणे मागच्या पिनेत आहे, कारण तिच्यामुळे नळीची सगळी लांबी हिशेबात शिरते.

दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे नळीच्या पुढच्या तोंडाशी फ्लँज, म्हणजे भोके पाडलेली रुंद कडा, घेऊन ती चौकटीला बोल्ट करणे. तेव्हा मोजायची लांबी सुमारे १३५० मिमी उरते आणि सात दशांशाचा फायदा धरला तर ४५ चा दांडाही कागदावर पुरतो; साडेतीनऐवजी ३.७ पट सुरक्षितता मिळते. पण मी या कागदावर विसंबणार नाही. फ्लँज पक्की मानायची तर चौकट पक्की हवी, फ्लँजचा चेहरा पाटीच्या पट्ट्यांशी काटकोनात हवा, आणि वेल्डिंग करून उभारलेल्या, मशीनिंग न केलेल्या चौकटीत हे जमते असे मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे. फ्लँज एक मिमी तिरकी बसली तर पूर्ण उघडलेला दांडा पाटीपाशी कितीतरी अधिक हटतो, पाटी त्याला जबरदस्तीने सरळ आणते, आणि तो जोर ग्लँडच्या, म्हणजे दांडा ज्यातून बाहेर येतो त्या नळीच्या पुढच्या झाकणाच्या, बुशावर पडतो.

म्हणून माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे: नळीच्या पुढच्या तोंडाजवळ ट्रनियन, म्हणजे दोन बाजूंना निघालेल्या जाड खुंट्या, आणि त्या चौकटीतील बुशांत. जॅकला हलण्याची मोकळीक राहते, बिनचूक काटकोनाची सक्ती राहत नाही आणि मोजायची लांबी १४०० मिमीवर येते. सोबत दांडा ४५ वरून ५६ मिमी करा. व्यासाच्या चौथ्या घातामुळे एवढ्या वाढीनेच ताकद २.४ पट होते. ट्रनियन आणि ५६ चा दांडा मिळून बाक येण्याचा भार सुमारे ५,११,००० न्यूटन होतो, जो आपल्या १६० बारच्या भाराच्या चौपट आहे. ट्रनियनच्या मागे लोंबकळणारी नळी खाली झुकू नये म्हणून मागे एक नायलॉनचा सैल आधार ठेवा. तो घट्ट आवळू नका.

ट्रनियनची कडी तयार नळीवर थेट वेल्ड करू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने आतला होन केलेला, म्हणजे घासून गुळगुळीत केलेला, बोअर त्या जागी आवळला जातो आणि पिस्टनची सील तेथेच कापली जाते. बोल्टने आवळायची दुभागलेली कडी घ्या, नाहीतर आधी वेल्डिंग आणि नंतर होनिंग या क्रमाने नवीन नळी करून घ्या. ५६ च्या दांड्याबरोबर ग्लँड, तिचा बुश आणि सील किट बदलावे लागेल, हे अंदाजपत्रकात आधीच धरा. दांड्याच्या बाजूचे क्षेत्रफळ ६२६४ वरून ५३९१ चौरस मिमीवर येईल, त्यामुळे जॅक सोळा टक्के अधिक वेगाने परतेल आणि परतताना टाकीकडे जाणारे तेल पंपाच्या तेलाच्या जवळजवळ दीडपट असेल. दिशा बदलणारा व्हॉल्व्ह आणि टाकीकडची नळी तेवढ्या तेलाला पुरेशी आहे का, ते पाहून घ्या.

आणखी एक उपाय लांब स्ट्रोकसाठी सर्रास वापरतात, पण आपल्याकडे जुना जॅक उघडणाऱ्याला तो पुष्कळदा निरुपयोगी तुकडा वाटतो. पिस्टन आणि ग्लँड यांच्या मध्ये दांड्यावर एक मोकळी नळी घातलेली असते, तिला स्टॉप ट्यूब म्हणतात. तिच्यामुळे पिस्टन ग्लँडला टेकण्याआधीच थांबतो आणि दांड्याला आधार देणाऱ्या दोन जागांमधले अंतर वाढते. शिडी दोन हातांनी धरताना हात जवळजवळ धरले तर ती डुलते आणि लांब धरले तर सावरते, तसेच हे आहे. पुष्कळ तक्त्यांत प्रभावी लांबी एक मीटरपर्यंत असेल तर तिची गरज धरत नाहीत आणि पुढे दर २५० मिमीला २५ मिमी स्टॉप ट्यूब सांगतात. आपल्या नव्या रचनेला त्या हिशेबाने ५० मिमी पुरेल. जॅकची बंद लांबी तेवढी वाढेल, तेव्हा आधी चौकटीत जागा मोजा.

राहता राहिला रिलीफ व्हॉल्व्ह. नवी रचना होईपर्यंत तो १२० बारच्याही खाली, ९० वर आणून ठेवा आणि ग्राहकाला गाठ थोडी सैल मिळेल असे स्पष्ट सांगा. गेजवर काटा स्थिर दिसतो म्हणून निश्चिंत राहू नका. पाटी एकदम अडली की क्षणभर दाब ठरवलेल्या आकड्याच्या वर उसळतो, आणि साधा काटा तेवढ्या चपळाईने धावत नाही.

प्रश्न : अमळनेरला माझे लेथ आणि हायड्रॉलिक दुरुस्तीचे दुकान आहे. गिऱ्हाईक वाकलेला दांडा आणते आणि ‘सरळ करून द्या’ म्हणते. आम्ही प्रेसवर सरळ करून देतो, पण काही दांडे महिनाभरात परत येतात. सरळ करावेत की नाही?

उत्तर : किती वाकला आहे हे मोजल्याशिवाय ठरवू नका. डोळ्याने किंवा दोरी लावून जे सरळ दिसते ते पुष्कळदा सरळ नसते. दांड्याची दोन्ही टोके व्ही-ब्लॉकवर ठेवा, मधोमध डायल गेज लावा आणि दांडा एक पूर्ण फेरा फिरवा. काट्याचा जो कमीजास्त फरक दिसेल त्याच्या निम्मा बाक असतो. दोन मिमी फरक म्हणजे एक मिमी बाक.

एक मिमीला काय होते, असे गिऱ्हाईक म्हणेल. त्याला हा हिशेब दाखवा. मुळातच बाक असलेल्या दांड्यावर भार आला की तो बाक वाढतो आणि भार बकलिंगच्या मर्यादेकडे जसजसा जातो तसतसा तो सावकारी व्याजासारखा चढतो. भार मर्यादेच्या साडेतीनाव्या भागाइतका असेल तर एक मिमीचे १.४ मिमी होतात. त्याने काही बिघडत नाही. भार मर्यादेच्या ऐंशी टक्क्यांवर गेला की एकाचे पाच होतात, नव्वद टक्क्यांवर दहा. दहा मिमी बाहेर गेलेल्या दांड्यात केवळ दाब राहत नाही, वाकवणारा जोरही भरतो, आणि तेथे पोलाद कायमचे हार मानते. तुमच्याकडे महिनाभरात परत येणारे दांडे बहुधा असे आहेत: तुम्ही अर्धा मिमी बाक ठेवून ते दिलेत, आणि मूळ जॅकच मर्यादेच्या काठावर चालणारा होता. त्या गिऱ्हाइकाला दांडा सरळ करून देण्याआधी स्ट्रोक किती, प्रेशर किती आणि पिना कोठे आहेत हे विचारणे तुमच्याच फायद्याचे आहे.

सरळ करायचाच असेल तर थंड स्थितीतच करा. गॅसची ज्योत लावू नका. क्रोमचा रंग बदलतो, दांडा पृष्ठभागावर उष्णतेने कठीण केलेला असेल तर ती जागा मऊ पडते, आणि थंड होताना तो दुसरीकडे ओढला जातो. थंड सरळ केल्यावरही हार्ड क्रोमकडे बारकाईने बघा. हा थर साधारण वीस-पंचवीस मायक्रॉनचा, कठीण पण ठिसूळ असतो. दांडा वाकतो आणि पुन्हा सरळ होतो तेव्हा बाकाच्या बाहेरच्या बाजूला त्यात केसांसारख्या आडव्या रेघा पडतात. आज त्या दिसत नाहीत, पण पावसाळ्यात त्यांतून गंज वर येतो आणि दांडा प्रत्येक फेऱ्याला सीलवर कानशीसारखा फिरतो. डाय पेनिट्रंट, म्हणजे चिरांत शिरून त्या उघड करणारा रंग, लावून पाहा. रेघा निघाल्या तर जुना क्रोम काढून, दांडा घासून पुन्हा क्रोम करावा लागेल, आणि त्या खर्चात नवा दांडा येत असेल तर नवाच घ्यायला सांगा.

दांडा काढल्यावर तो का वाकला याच्या खुणा नळीत आणि ग्लँडमध्ये असतात, त्या पुसून टाकण्याआधी पाहाव्यात. ग्लँडचा बुश एका बाजूने लंबगोल झिजलेला, दांडा एकाच बाजूने चकाकणारा, आणि नळीच्या आत समोरच्या बाजूला पिस्टनने ओढलेले ओरखडे, ही तिन्ही एकत्र दिसली तर बाजूचा जोर खूप दिवसांपासून पडत होता असे समजावे. अशा जॅकमध्ये नवा दांडा घालून जुनाच बुश ठेवणे म्हणजे नव्या दांड्याला पहिल्या दिवसापासून वाकडे उभे करणे होय. बुश, पिस्टनवरील वेअर रिंग आणि टोकाच्या पिना तिन्ही बदला. पिनेचे भोक अंड्यासारखे झाले असेल तर ते बोअर करून बुश मारा.

प्रश्न : भुसावळला उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. रेल्वेचे रूळ उन्हाने वाकतात, तसे मशीनचे दांडेही उन्हाळ्यात जास्त वाकतात का?

उत्तर : रूळ वाकणे हेदेखील बकलिंगच आहे, परंतु त्यात भार उन्हाने निर्माण होतो. जोडून टाकलेला रूळ तापला की लांब होऊ पाहतो, दोन्ही बाजूंनी त्याला जागा मिळत नाही, आणि अडकलेली लांबी दाबाच्या रूपाने साठते. जॅकच्या दांड्याला एका बाजूला तेल असते. तो तापून एक-दोन दशांश मिमी लांबला तर तेवढा सरकतो, दाब साठत नाही. पंचवीस अंशांच्या फरकाने पोलादाचा ताठरपणा एक टक्क्याच्या आसपास कमी होतो, तोही मोजण्याजोगा नाही. उन्हाळ्यात तेल पातळ होते, गळती वाढते, आणि ‘जॅकला जोर येत नाही’ म्हणून कोणीतरी रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आत फिरवतो. पुढे थंडी आल्यावर तो स्क्रू कोणी मागे घेत नाही. वाकलेल्या दांड्यांत मला उन्हापेक्षा हा स्क्रू अधिक वेळा सापडला आहे.

प्रश्न : शिरपूर तालुक्यात आमची शेती असून ट्रॅक्टरच्या डंपिंग ट्रॉलीने आम्ही शेणखत आणि माती वाहतो. ट्रॉलीचा तीन टप्प्यांचा जॅक गेल्या पावसाळ्यानंतर शेवटच्या टप्प्यात वाकला. ट्रॉलीत माल नेहमीएवढाच होता. मग तो का वाकला?

उत्तर : टप्प्याटप्प्याने उघडणाऱ्या जॅकमध्ये जाड टप्पा आधी आणि बारीक टप्पा शेवटी बाहेर येतो. ट्रॉली आडवी असताना ती उचलायला सर्वांत जास्त जोर लागतो, तेव्हा जाड टप्पा काम करतो. हौदा वर जाईल तसा माल मागे घसरून पडतो, ओझे कमी होते, आणि बारीक टप्पा बाहेर येईपर्यंत हौदा निम्म्याहून अधिक रिकामा झालेला असतो, या भरवशावर सगळी रचना उभी असते. ओले शेणखत किंवा चिकट काळी माती हा भरवसा मोडते. ती पुढच्या फळीला चिकटून बसते, हौदा पूर्ण वर गेला तरी पडत नाही, आणि पूर्ण उघडलेल्या, सर्वांत लांब आणि सर्वांत बारीक अवस्थेतील जॅकवर जवळजवळ सगळे ओझे राहते. त्यातच ट्रॉली शेतात उभी असताना एक चाक सरीत आणि दुसरे वरंब्यावर असेल, तर उंच गेलेला हौदा बाजूला कलतो. हा जॅक बाजूचा जोर सोसण्यासाठी केलेलाच नसतो. तो जोर हौद्याच्या मागच्या बिजागऱ्यांनी सोसायचा असतो, आणि त्यांच्या पिना झिजलेल्या असतील तर हौदा डुलतो आणि सगळे जॅकवर येते.

तेव्हा आधी मागच्या दोन्ही बिजागऱ्या तपासा. हौदा किंचित उचलून हाताने बाजूला हलवला आणि खटखट ऐकू आली तर पिना आणि बुश बदला. जॅक खाली आणि वर ज्या चौकटींत बसतो त्या दोन्ही दिशांना मोकळ्या फिरतात का पाहा. गंजून अडकलेली चौकट म्हणजे पक्के टोकच, आणि वाकडे पक्के टोक सर्वांत वाईट. ट्रॉली नेहमी सपाट, घट्ट जागेवर उलटवा. माल चिकटला तर हौदा खाली घ्या, फावड्याने पुढचा माल मोकळा करा आणि पुन्हा उचला. हौदा वर असताना ट्रॅक्टर पुढे-मागे झटके देऊन माल पाडण्याची जी रीत पडली आहे, ती दांडा वाकवण्याची सर्वांत खात्रीची रीत आहे. आणि उचललेल्या हौद्याखाली काही करायचे असेल तर आधी लोखंडी टेकू लावा. वाकलेला जॅक सूचना देऊन बसत नाही.

प्रश्न : मी धुळ्यात यंत्र अभियांत्रिकीची पदविका करतो. ऑयलरचे सूत्र आखूड दांड्यांना लागू होत नाही असे शिकवले. मग ते कोठपर्यंत वापरावे? आणि भरीव दांड्याऐवजी पोकळ दांडा चालतो का?

उत्तर : प्रभावी लांबीला व्यासाच्या एकचतुर्थांशाने भागा, भरीव गोल दांड्याचे कृशता-गुणोत्तर मिळेल. जळगावच्या पत्रातील ४५ मिमी दांड्यासाठी ते २४४ आहे, तेथे ऑयलर निःशंक वापरावा. नेहमीच्या मध्यम कार्बन पोलादासाठी हे गुणोत्तर शंभराच्या आसपास किंवा खाली गेले की ऑयलरचा आकडा फसवा, म्हणजे खऱ्यापेक्षा मोठा येतो, कारण बाक येण्याआधीच पोलाद हार मानू लागते. तेथे रँकिन किंवा टेटमायर यांची सूत्रे घ्या, आणि फक्त तेथेच चांगल्या पोलादाचा पैसा वसूल होतो. नळी आणि दांडा दोन्हींचा ताठरपणा एकत्र धरून काटेकोर हिशेब करायचा असेल तर आयएसओ/टीएस १३७२५ हे मानक त्यासाठीच आहे. प्रकल्पासाठी ते ग्रंथालयात मागा.

पोकळ दांडा चालतो, आणि लांब स्ट्रोकला मी तो पसंत करतो. ७० मिमी बाहेरचा आणि ५० मिमी आतला व्यास असलेली जाड नळी घेतली तर तिचे वजन ५६ मिमी भरीव दांड्याच्या सुमारे तीन-चतुर्थांश भरते आणि बाकाविरुद्धची ताकद १.८ पट होते, कारण पोलाद मध्यापासून दूर गेलेले असते. अडचण टोकांशी येते. पिस्टनच्या बाजूचे आटे आणि पिनेचा डोळा पोकळ नळीवर कापता येत नाही. तेथे भरीव तुकडा आत खोल बसवून वेल्ड करावा लागतो, वेल्डिंगनंतर दांडा पुन्हा दोन सेंटरमध्ये धरून घासावा लागतो, आणि क्रोम सर्वांत शेवटी. शिवाय आत तेल शिरू नये म्हणून तो जोड गळतीसाठी तपासावा लागतो. पदविकेच्या प्रकल्पात हे काम करणार असाल तर आधी ३०० मिमीचा एक तुकडा करून पाहा, कारण वेल्डिंगनंतर तो किती वाकडा होतो हे डायल गेजवर पाहिल्याशिवाय पटत नाही.